पहिल्यांदाच 'सुपरटक्सकार्ट' खेळताय?

उत्तम निवड. गाड्यांच्या शर्यतीचा हा गेम पूर्ण फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतो. फक्त अधिकृत साइटवरूनच उतरवा.

आधी चार्जर लावा. बॅटरीवर बरेच लॅपटॉप वेग कमी करतात आणि आपण उगाच गेमला नावं ठेवतो. तरीही अडखळला तर सेटिंगमध्ये ग्राफिक्सची पातळी खाली आणा. चित्र थोडं साधं दिसेल, पण गाडी हातात राहील.

सुरुवातीला एवढंच बघा:

- पातळी सर्वांत सोपी ठेवा. पहिल्याच दिवशी 'एक्स्पर्ट' निवडून वैतागणारे खूप बघितलेत!
- वळणावर बाण दाबून धरू नका, हलके टिचके मारा. नवखे हमखास इथेच भिंतीला धडकतात.
- केळी चुकवा, भेटीचे खोके घ्या. त्यातून मिळालेलं हत्यार स्पेसबारने सुटतं.
- नायट्रो (गाडीला जादा वेग देणारं इंधन, 'एन' कळ) सरळ रस्त्यासाठी राखून ठेवा. वळणात उडवला की गेलात बाहेर.
- कुठे अडकलात तर बॅकस्पेस. गाडी उचलून रस्त्यावर ठेवली जाते.

शर्यत सुरू होताना पडद्यावर 'सेट' यायच्या आधीच घाईने अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर दंड बसतो, तेवढं सांभाळा.

एक गंमत: काही कीबोर्ड तीन कळा एकदम दाबल्या तर एक गिळतात. स्पेसबार ऐनवेळी दगा देत असेल तर कळा बदलून बघा.

ड्रिफ्टचं (वळणावर गाडी घसरवत नेण्याचं) आत्ता विचारूच नका. एकच सोपा ट्रॅक न धडकता पूर्ण झाला की मग सांगतो.