ताईला विचारा: ‘दोनदाच मारलंय, मग तक्रार होते का?’

पत्र पहिलं

ताई, नाव छापू नका प्लीज. वय ३१, लग्नाला ८ वर्षं झाली, मुलगी ६ वर्षांची. मी एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला आहे. पगार जमा झाल्याचा मेसेज मिस्टरांच्या मोबाईलवर जातो, एटीएम पण त्यांच्याकडेच, मला रोज रिक्षापुरते मोजून पैसे मिळतात. आईशी फोनवर काय बोलले तेही सांगावं लागतं. दारू नाही, बाहेर सगळ्यांशी चांगले वागतात. ८ वर्षांत दोनदाच हात उचललाय, दुसऱ्यांदा मागच्या महिन्यात, मुलीच्या समोर. सासूबाई म्हणतात घर तुझ्या सासऱ्यांच्या नावावर आहे, पटत नसेल तर बॅग भर. पोलीस स्टेशनला गेले तर म्हणाले जखम तर दिसत नाही, एनसी घेतो. हे छळात येतं का, की मीच वाढवून बघतेय?

उत्तर

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि दर वेळी त्या ‘दोनदाच’ पाशी अडकले. मी समुपदेशनाला बसते तिथे आलेली जवळजवळ प्रत्येक बाई सुरुवात अशीच करते, एवढं काही नाही हो ताई, दोनदाच, एकदाच, तेही रागाच्या भरात. मग तासाभराने पैशाचं निघतं, फोनचं निघतं, माहेरी जायची परवानगी मागण्याचं निघतं आणि तेव्हा कळतं की हात उचलला नव्हता त्या दिवशी पण ती घाबरूनच जगत होती.

तू वाढवून बघत नाहीयेस. आपल्याकडे २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, आणि त्यात हिंसा म्हणजे फक्त मारहाण असं नाहीच. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक असे चारही प्रकार त्यात आहेत. तुझा पगार काढून घेणं, तुझ्याच पैशातून तुला मोजून देणं, दागिने तुला न विचारता विकणं किंवा गहाण टाकणं हे सगळं आर्थिक छळात बसतं. त्यामुळे जखम दिसत नाही म्हणून विषय संपत नाही. एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, केली असशील तर तिची कॉपी मात्र जपून ठेव, पुढे लागते.

आता घराचं. सासूबाईंचं ते वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय ना, की ते कुठे शिकवतात की काय असं वाटायला लागलंय. या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे ज्या सामायिक घरात तू नांदतेस तिथे राहायचा तुला हक्क आहे, मग घर कुणाच्याही नावावर असो. सासू-सासऱ्यांच्या नावावरचं घरही सामायिक घर ठरू शकतं, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. याचा अर्थ घर तुझ्या मालकीचं होत नाही, तो गैरसमज नको. पण रीतसर कायदेशीर मार्गाशिवाय तुला कुणी बॅग भर म्हणून बाहेर काढू शकत नाही.

जायचं कुठे? या कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात चौकशी कर. ते तुझं म्हणणं ऐकून घटनेचा अहवाल भरतात आणि मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायला मदत करतात. वकिलाच्या फीची काळजी सोड, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, तुझा पगार कितीही असला तरी. अर्जात संरक्षण, घरात राहणं, खर्चाला पैसे, मुलीचा ताबा हे सगळं एकत्र मागता येतं. आणि शेवटच्या निकालाआधीच अंतरिम आदेश मागता येतो, तो मागायला विसरू नकोस, कारण कायद्यात ६० दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न करावा असं लिहिलंय खरं पण प्रत्यक्षात केस महिनोन्महिने रेंगाळते, तुला अंधारात ठेवण्यात अर्थ नाही. संरक्षणाचा आदेश मोडला तर मात्र १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, त्यामुळे त्या कागदाला वजन असतं.

आणखी एक, हे नीट वाच. यातलं काहीही करणार आहेस हे घरात आधी बोलू नकोस. बाई हातातून निसटतेय असं वाटलं की मारहाण वाढते, हे मी खूप वेळा पाहिलंय. म्हणून पगाराचं खातं पण आत्ता लगेच बदलू नकोस, मेसेज आला नाही की त्याला त्याच दिवशी कळेल. आधी कागद गोळा कर, आधार, लग्नाचं सर्टिफिकेट, मुलीचा जन्मदाखला, दागिन्यांची बिलं किंवा लग्नातले फोटो ज्यात दागिने दिसतात. झेरॉक्स क्लिनिकमध्ये ठेव नाहीतर आईकडे, मोबाईलमध्ये नको, तो तपासला जातोच. पुन्हा हात उचलला तर डॉक्टरांना ‘पडले’ सांगू नकोस, कोणी मारलं ते सांग आणि केसपेपरवर लिहून घे. तू क्लिनिकमध्येच काम करतेस, त्या एका ओळीची किंमत तुला माहीत असेल.

पत्र दुसरं

धाकटी बहीण दिवाळीपासून आमच्याकडेच आहे, पाठीवर वळ होते. आता मध्यस्थ लोक बैठक घ्या म्हणतात, जावई स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायला तयार आहेत. वडील म्हणतात पाठवूया, लोक काय म्हणतील. मित्र म्हणतो ४९८ टाक सरळ, सगळे आत जातील. मला काही सुचत नाही. पाठवू का?

उत्तर

दादा, पूर्ण पत्रात बहिणीला काय हवंय ते कुठेच नाहीये. मध्यस्थांचं आहे, जावयांचं आहे, वडिलांचं आहे, मित्राचं पण आहे. आधी तिच्याशी एकटीशी बोला, आणि विचारताना ‘जायचंय ना तुला’ असं विचारू नका, कारण माहेरी ओझं होतोय असं वाटलं की मुलगी हो म्हणते आणि गुपचूप परत जाते.

स्टॅम्प पेपरचं स्पष्ट सांगते, घरच्या घरी लिहून घेतलेल्या अशा माफीनाम्याने कुणाचा हात थांबत नाही. मारहाण केली हे त्यात त्याच्या सहीने लिहिलेलं असेल तर पुरावा म्हणून उपयोग होऊ शकतो एवढंच. तिला खरंच परत जायचं असेल तर आधी कोर्टाचा संरक्षण आदेश घ्या आणि मग जाऊ दे. आणि माहेरचं दार उघडं आहे हे तिच्या सासरच्यांसमोर, चारचौघात, तुम्ही तोंडाने बोला. वडिलांनी बोललं तर आणखी चांगलं.

४९८ म्हणजे पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं कलम ४९८ अ, नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाबद्दलचं, १९८३ मध्ये आलं, १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आहे, ३ वर्षांपर्यंत शिक्षा. तक्रार ती स्वतः करू शकते आणि भाऊ म्हणून तुम्हीही करू शकता. पण सगळे आत जातील हे मित्राचं म्हणणं सोडून द्या, कारणाशिवाय सरसकट अटक करायची नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्येच सांगितलंय. आणि राग काढायला म्हणून ज्यांनी काहीच केलं नाही अशा नणंदा-दिरांची नावं घालू नका, त्याने बहिणीचीच खरी तक्रार कच्ची पडते. ज्याने जे केलं तेवढंच, तारखेनिशी. तिचं स्त्रीधन तिचंच आहे, ते परत मागायची यादी आजच बसून करा, दिवस गेले की आठवत नाही.

पत्र तिसरं

मी ६७ वर्षांची आहे. वरच्या मजल्यावर रात्री आदळआपट होते, तिचं रडणं ऐकू येतं. आमचे हे म्हणतात दुसऱ्यांच्या भांडणात पडू नको, उद्या आपल्यावरच केस होईल. झोप लागत नाही हो.

उत्तर

काकू, केसची भीती काढून टाका. हिंसा होतेय किंवा होऊ शकते असं वाटलं तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कुठलीच जबाबदारी येत नाही, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याच्या कलम ४ मध्येच तसं आहे. त्या क्षणी मारहाण चालू असेल तर ११२ लावा.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लग्न झालेल्या साधारण २९ टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं आणि हिंसा सोसलेल्यांपैकी जेमतेम १४ टक्के बायकांनी कुणाकडे तरी मदत मागितली. बाकीच्या कुणाच्या तरी वरच्या मजल्यावरच राहतात काकू, म्हणून तुम्हाला ऐकू येतंय हे खूप महत्त्वाचं आहे.

आवाज आला की काकांना सोबत घेऊन बेल वाजवा, पाणी येतंय का विचारा, काहीही विचारा, बाहेर कोणीतरी जागं आहे हे आत कळलं पाहिजे. त्याला जाब मात्र विचारू नका, त्याचा राग नंतर तिच्यावर निघतो. दिवसा ती एकटी भेटेल तेव्हा ‘तू सोडून का जात नाहीस’ हे विचारू नका, ‘मला ऐकू येतं गं, कधीही ये’ एवढं बोला. नंबर कागदावर लिहून देऊ नका, तो सापडला तर तिलाच त्रास. महिला हेल्पलाईन १८१ आहे, तीनच आकडे, जिन्यात भेटली की दोनदा म्हणून घ्या तिच्याकडून.