छोटं विमान जोराच्या वाऱ्यात चाकं टेकल्यावरही कलंडतं, ते का?

तुमचा प्रश्न असा: सेसना १७२ सारखं विमान धावपट्टीवर नीट टेकतं, धावायलाही लागतं, आणि मग कडेला जाऊन पंखावर कलंडतं. उतरल्यावर वारा त्याचं काय बिघडवतो?

बरंच काही. टेकताना वेग ५०-५५ नॉट, म्हणजे ताशी ९०-१०० किलोमीटर असतो. पंखांत लिफ्ट (वर उचलणारा जोर) शिल्लक असते आणि चाकांवर अजून पुरतं वजन आलेलं नसतं. नेमक्या याच क्षणी ‘उतरलो एकदाचे’ म्हणून हात सैल पडतात आणि विमान अक्षरशः वाऱ्यावर सोडलं जातं.

समजा वारा डावीकडून आहे. जमिनीजवळ आल्यावर योक (हातातलं नियंत्रणाचं चाक) डावीकडे वळवून डावा पंख किंचित खाली ठेवायचा आणि उजवं रडर (शेपटीवरचं, पायांनी चालणारं सुकाणू) देऊन नाक मधल्या रेषेशी सरळ धरायचं. आधी डावं मुख्य चाक टेकतं, मग उजवं, शेवटी नाकाचं. इथवर बहुतेकांना जमतं. पुढे वेग कमी होतो तसा एलेरॉनचा, म्हणजे योकने हलणाऱ्या पंखाच्या मागच्या कडेवरच्या पट्ट्यांचा, जोरही कमी होतो, म्हणून योक आणखी डावीकडे, अगदी टोकापर्यंत न्यावा लागतो. तो सोडला की डाव्या पंखाखाली वारा शिरतो आणि शेपटीच्या उभ्या पृष्ठभागावर दाब येऊन नाक डावीकडे वळतं. आता घात करते ती गाडी चालवायची सवय. विमान डावीकडे चाललंय म्हणून माणूस योक स्टेअरिंगसारखा उजवीकडे फिरवतो. त्याने डावा एलेरॉन खाली जातो, डावा पंख आणखी उचलला जातो आणि उजव्या पंखाचं टोक जमिनीला घासतं. दिशा सांभाळायची ती पायांनी, योक वाऱ्याकडेच.

आता आकडे. धावपट्टी २९, म्हणजे २९० अंशांच्या दिशेची, आहे आणि टॉवरने वारा २४० अंशांवरून १८ नॉट, झोत २८ असा सांगितला. कोन ५० अंशांचा, त्याची साइन ०.७७. म्हणजे आडवा वारा सरासरी १४ नॉट, झोतात साडेएकवीस. १७२ एस या प्रकाराच्या पुस्तिकेत चाचणीत दाखवून दिलेला आडवा वारा १५ नॉट आहे. ती सक्तीची मर्यादा नव्हे, पण त्यापलीकडे विमान ऐकेल अशी हमी कोणी दिलेली नाही. सोलो विद्यार्थ्यांसाठी फ्लाइंग स्कूल याहून बरीच कमी मर्यादा ठेवतात. माझ्या मते हिशोब झोताचाच करावा. चाकं टेकताना सरासरी वारा असेल की झोत, हे आधी कळत नाही.

झोत असले की झोत आणि सरासरी वारा यांतल्या फरकाचा निम्मा भाग अप्रोचच्या (उतरायला येतानाच्या) वेगात मिळवतात. इथे फरक १० नॉट, म्हणून नेहमीच्या ६५ ऐवजी ७०. भीतीपोटी ७५ ठेवले तर ६५च्या तुलनेत ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने वाढते. विमान धावपट्टीवर तरंगत राहतं आणि तेवढा वेळ वारा त्याला बाजूला ढकलत राहतो. फ्लॅप (पंखांमागच्या, खाली उतरवायच्या झडपा) धावपट्टीच्या लांबीला पुरतील तेवढेच. पूर्ण फ्लॅपवर वाऱ्याला धरायला जागा जास्त मिळते.

तरंगणारं विमान वैतागून खाली दाबलं की दुसरा प्रकार होतो: नाकाचं चाक आधी आपटतं, विमान उसळतं, पायलट परत योक पुढे ढकलतो. दर उसळी आधीच्यापेक्षा वाईट. १७२ मध्ये नाकाच्या चाकाचा दांडा फायरवॉलला (इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीला) बसवलेला असतो, त्यामुळे चाक शाबूत दिसलं तरी फायरवॉलच्या पत्र्याला सुरकुत्या पडलेल्या सापडतात. प्रोपेलर जमिनीला लागला असेल तर इंजिन उघडून तपासावं लागतं, मग पातं थोडंसंच वाकलेलं का असेना. पहिल्या मोठ्या उसळीलाच पूर्ण थ्रॉटल देऊन गो-अराउंड करणं, म्हणजे उतरणं सोडून परत वर जाणं, यापेक्षा फार स्वस्त पडतं.

आणि एक चाचणी फायनलवरच, म्हणजे धावपट्टीसमोरच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, करता येते. पंख वाऱ्याकडे झुकवून, रडर टोकापर्यंत दाबूनही नाक मधल्या रेषेशी सरळ राहत नसेल, तर ती धावपट्टी त्या वेळेपुरती तुमची नाही. वाऱ्याच्या तोंडाशी असलेली दुसरी धावपट्टी किंवा दुसरा विमानतळ गाठायचा. त्यासाठीचं इंधन टाकीत हवं.