सुई टोचताना मन कशात गुंतवावं?

प्रश्न: माझे यजमान ७३ वर्षांचे. चार महिन्यांपासून त्यांना रोज रात्री इन्सुलिन लागतं, ते मीच टोचते. इन्सुलिनचं पेन दिसलं की ते मुठी आवळतात, पोट ताठ करतात. मी म्हणते ‘तिकडे बघा’, पण काही उपयोग होत नाही. गेल्या आठवड्यात दोनदा ‘आज राहू दे’ म्हणून त्यांनी टाळलंच. काय करू?

उत्तर: ताई, ‘तिकडे बघा’ म्हटलं की माणसाचा सगळा जीव सुईपाशी गोळा होतो. मनाला दुसरं काम द्यावं लागतं. मी ३१ वर्षं परिचारिका होते. वॉर्डात ७८ वर्षांचे एक निवृत्त गणित शिक्षक होते, असेच पोट ताठ करणारे. एका सकाळी म्हटलं, ‘गुरुजी, एकोणतीसचा पाढा उलटा म्हणता?’ छताकडे बघत त्यांनी सुरुवात केली, ‘एकोणतीस दाहे दोनशे नव्वद, नव्वे दोनशे एकसष्ट, आठे...’ आणि अडले. ओठ पुटपुटत होते, मूठ आपोआप सुटली होती. ‘दोनशे बत्तीस!’ म्हणाले, तोवर सुई बाहेरही आली होती.

काम थोडं डोकं चालवायला लावणारं हवं. तोंडपाठ असलेलं जीभ आपोआप म्हणते आणि मन सुईकडे मोकळं राहतं. आकडे नको असतील तर लहानपणीच्या घराच्या दारातून आत शिरून एकेक खोली सांगायला लावा. ऐकायला कमी येत असेल तर श्रवणयंत्र आधी लावा. काही जण टोचताना खोकायला सांगतात, पण पोटात सुई असताना ते नको, पोट हलतं.

हे मनाचे खेळ नव्हेत. मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ साली मांडलं, की वेदनेचा निरोप मज्जारज्जूतल्या एका फाटकातून वर जातो. हे फाटक काही अंशी मेंदूही लोटून घेऊ शकतो.

पण गुंतवायचं त्यांना, तुम्ही गुंतायचं नाही. आधी पूर्ण शांततेत सुई बसवा, दोन युनिट हवेत सोडून पाहा, मात्रा लावून आकडा मोठ्याने वाचा. मगच पाढा सुरू करा, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला टोचा. बटण दाबल्यावर सुई आतच ठेवून दहा अंक मात्र तुम्हीच मनात मोजा.

सुई दर वेळी नवी घ्या, आणि चार मिलिमीटरची चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. वापरातलं पेन फ्रिजमध्ये ठेवत असाल तर अर्धा तास आधी बाहेर काढा, गार इन्सुलिन जास्त झोंबतं. स्पिरिट लावलंत तर वाळू द्या. जागा रोज बोटभर सरकवा. पोटावर हात फिरवताना गाठ जाणवली तर तिथे टोचू नका. तिथे दुखत नाही म्हणून पेशंटना तीच जागा आवडते, पण तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही.

आणि टाळलेल्या त्या दोन रात्री डॉक्टरांना तारखेसकट सांगा. नाहीतर ते वाढलेली साखर बघून मात्रा वाढवतील.