नक्कल, अनुकरण, छाप, प्रेरित : पत्रिकेवर काय छापायचं?

प्रश्न नाशिकच्या एका हौशी नाट्यसंस्थेतून आला आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकाच्या पत्रिकेवर 'एका इंग्रजी नाटकावरून प्रेरित' असं छापायचं ठरलंय. तालमीत एकाने 'ही सरळ नक्कल आहे' म्हणून ठणकावलं, दुसरा म्हणाला, 'नक्कल नव्हे, प्रभाव.' यातला बरोबर शब्द कोणता?

मुळातून काय घेतलंय हे सांगितल्याशिवाय शब्द ठरत नाही. पण 'नाटकावरून प्रेरित' हा प्रयोग मात्र आधीच बाद करता येतो. प्रेरित होतो तो माणूस, आणि तोही कशाने तरी, 'वरून' नव्हे. 'वरून'चं जमतं ते बेतलेलं, सुचलेलं, घेतलेलं यांच्याशी. हल्ली 'प्रेरित' वापरतात तो मुख्यतः किती घेतलं ते सांगायचं नसतं म्हणून.

'नक्कल' अरबीतून आला. मूळ अर्थ उतरवून घेणं. सातबाऱ्याची नक्कल काढतो ती याच अर्थाने. जुन्या नाटक कंपन्यांत नटाला अख्खी संहिता मिळत नसे, त्याच्या भूमिकेपुरती भाषणं उतरवून मिळत. त्या कागदांनाच नक्कल म्हणत. 'नक्कल पाठ झाली का?' या प्रश्नात कुणाला कमी लेखणं नव्हतं. आज मात्र शब्दाला हिणवण्याचा वास आहे, आणि तो योग्य जागी वापरावा. 'नटसम्राट'मधला बेलवलकर डॉ. श्रीराम लागूंच्या आवाजात, त्यांच्याच विरामांसकट म्हणणं ही नक्कल. तिची खूण सोपी आहे. विराम जिथल्या तिथे येतो, पण त्याआधीचा विचार नटाच्या डोक्यात आलेलाच नसतो. मग प्रेक्षकांना वाटतं, वाक्य विसरला.

'अनुकरण' एवढं वाईट नाही. 'नाट्यशास्त्र' लिहिणाऱ्या भरताने नाट्याला 'लोकवृत्तानुकरण' म्हटलं, 'दशरूपक' लिहिणाऱ्या धनंजयाने 'अवस्थानुकृती'. दोघांच्या मनात जगाचं, माणसाच्या अवस्थेचं अनुकरण आहे. शेजारच्या संस्थेच्या नाटकाचं नाही. (नाट्यशास्त्राचा टीकाकार अभिनवगुप्त, त्याने तर अनुकरणाची कल्पनाच खोडून काढली.) म्हणूनच टीका करायची तर 'अंधानुकरण' म्हणावं लागतं. 'अंध नक्कल' कुणी म्हणत नाही, तिथे विशेषणाची गरजच पडत नाही.

प्रभाव पडतो, छाप पडते. 'आम्ही त्या नाटकाचा प्रभाव घेतला' हे मराठी नव्हे. घेता येते ती प्रेरणा. छाप बोट ठेवून दाखवता येते, प्रभाव दर वेळी दाखवता येतोच असं नाही.

फरक पाहायला नाशिकबाहेर जायला नको. शिरवाडकरांनी शेक्सपियर तीन तऱ्हांनी मराठीत आणला. 'ऑथेल्लो' (1961) हा अनुवाद. 'राजमुकुट' (1954) हे 'मॅकबेथ'चं रूपांतर. 'नटसम्राट' (1970) मात्र यांतलं काहीच नाही. 'किंग लिअर'मधून त्यात आली ती म्हाताऱ्याने जिवंतपणीच सगळं मुलांच्या हवाली करण्याची चूक, आणि त्यानंतरची परवड. पण नायक राजा नाही, निवृत्त नट आहे. कॉर्डेलियासारखी तिसरी मुलगी नाही. आणि नाटकांतली भाषणं आयुष्यभर बोललेला माणूस स्वतःच्या दुःखातही तीच भाषा बोलतो, ही गोष्ट लिअरमध्ये असणं शक्यच नव्हतं. याला प्रभाव म्हणायचं.

बसवण्यातही हेच. 'घाशीराम कोतवाल'मधली (1972) माणसांची भिंत स्पर्धेच्या नाटकांतून वारंवार दिसते. मूळ नाटकात ती रांग बारा ब्राह्मणांची. ती पडदा होते, झाकते, उघडते, गाते, आणि जे चाललंय त्यात सामीलही असते. नक्कल करणारा फक्त रांग उचलतो. मग होतं काय, तर रांग मंचाच्या मधोमध उभी राहते, मागच्या नटांवरचा प्रकाश अडवते, आणि पुढच्या प्रवेशात तिला काम नसल्यामुळे पोरं हात कुठे ठेवायचे या विवंचनेत असतात. आपल्या नाटकात ती रांग कोण आहे, याचं एका वाक्यात उत्तर देता आलं तर ती ठेवावी. नाही तर काढावी.

आता पत्रिका. मूळ संहिता आणि आपली समोरासमोर ठेवून चार गोष्टी तपासा: घटनांचा क्रम, पात्रांची नाती, संवाद, शेवट. क्रम आणि नाती तीच असतील तर नावं बदलून गाव सिन्नर केलं तरी ते रूपांतरच. 'मूळ नाटक अमुक, लेखक तमुक, रूपांतर अमुक' असं छापा. पात्रांची नाती आणि मधला एखादा प्रसंगच घेतला असेल तर 'वर आधारित'. कल्पनेचं बीजच घेतलं असेल तर 'वरून सुचलेलं', आणि यात लाजण्यासारखं काही नाही.

शब्द बदलला म्हणून परवानगी टळत नाही. कल्पनेवर स्वामित्वहक्क नसतो, मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलं, तोही वाद एका नाटकाचाच होता. आपल्याकडे हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरची 60 वर्षं टिकतो, मोजणी पुढल्या 1 जानेवारीपासून. इंग्रजी नाटककार बर्नार्ड शॉ 1950 मध्ये गेले, म्हणून त्यांची नाटकं 2011 पासून मोकळी. शिरवाडकर 1999 मध्ये गेले, म्हणजे 2059 अखेरपर्यंत हक्क आहे. इथे हटकून चूक होते ती अशी: शेक्सपियर मोकळा, म्हणून 'राजमुकुट'ही मोकळं, असं धरून चालतात. रूपांतरावर रूपांतरकाराचा वेगळा हक्क असतो. तुम्ही इंग्रजीवरून थेट काम केलं असेल तर तुमचा प्रश्न मूळ लेखकापुरता. मधल्या मराठी रूपांतराची चार वाक्यं जरी सही सही आली असली, तरी त्या रूपांतरकाराचीही परवानगी घ्या आणि श्रेयात त्याचंही नाव छापा.