हॉवर जमत नाही? आधी पुढे उडायला शिका

प्रश्न : डीसीएस या सिम्युलेटरमधलं ह्यूई हेलिकॉप्टर (यूएच-१एच) घेतलंय. जमिनीवरून उचललं की काही सेकंदांत झोके खायला लागतं आणि आडवं होतं. रोज फक्त हॉवरचाच, म्हणजे हवेत एका जागी थांबण्याचा, सराव करतोय. काय चुकतंय? (पुणे)

क्रम चुकतोय. हॉवर ही हेलिकॉप्टरची सगळ्यांत अवघड अवस्था आहे आणि तुम्ही सुरुवातच तिथून केलीत. आठवडाभर जमिनीवरून उचलूच नका. थेट ५०० फुटांवर, ६० नॉट (ताशी सागरी मैल) वेगात सुरू करा. या वेगाला समोरून येणारी हवाच यंत्राला बरंचसं सरळ धरून ठेवते. उंची, वेग, दिशा तिन्ही स्थिर ठेवता आलं की वेग ५०, ४०, ३० असा उतरवत न्या. साधारण २४ ते १६ नॉटच्या दरम्यान रोटर (वरची फिरती पाती) स्वतःच ढवळलेल्या हवेत सापडायला लागतो. यंत्र थरथरतं, खाली बसतं, कलेक्टिव्ह (यंत्र वर-खाली नेणारा दांडा) वाढवावं लागतं. हा टप्पा हाताला ओळखीचा झाला की हॉवर निम्मं आलं म्हणून समजा.

आता झोक्यांबद्दल. ह्यूईचं धड रोटरखाली टांगलेलं असतं, रहाटाच्या दोराला बादली असावी तसं. सायक्लिक (यंत्र पुढे-मागे, डावी-उजवीकडे कलवणारी स्टिक) हलवलं की आधी रोटरची चकती कलते, मग धड कलतं आणि त्यानंतर कुठे यंत्र सरकू लागतं. लगेच काही घडत नाही म्हणून तुम्ही आणखी ढकलता, तोवर पहिल्या ढकलण्याचा परिणाम येऊन पोचतो. मग उलट दिशेला दुप्पट जोर, आणि झोका वाढतच जातो. म्हणून सायक्लिकला फक्त दाब द्या, आणि परिणाम पूर्ण दिसायच्या आत तो काढून घ्या. नजर धावपट्टीच्या टोकाकडे ठेवा, नाकाखालच्या जमिनीकडे नको.

आणखी एक. शेपटीच्या रोटरच्या रेट्यामुळे ह्यूई हॉवरमध्ये उजवीकडे सरकू पाहतं. ते रोखायला सायक्लिक थोडं डावीकडे धरावं लागतं, त्यामुळे डावी स्किड (यंत्र ज्यावर टेकतं ती दांडी) किंचित खाली राहते. हे बरोबरच आहे, सपाट करायला जाऊ नका. जॉयस्टिकची स्प्रिंग मात्र तुम्हाला सतत मधोमध ओढत असते. तेव्हा हॉवर धरलात की फोर्स ट्रिमचं (सायक्लिकची त्या क्षणाची जागा धरून ठेवणारं) बटण दाबा आणि स्टिक मध्ये येऊ द्या.

प्रश्न : मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये बेल ४०७चं कलेक्टिव्ह ओढलं की नाक उजवीकडे वळतं, काब्री जी२चं डावीकडे. सेटिंग उलटं झालंय का? (ठाणे)

सेटिंगला हात लावू नका, दोन्ही बरोबर आहेत. बेलचा रोटर वरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, म्हणून धड उलट वळू पाहतं आणि डावं पेडल (शेपटीच्या रोटरने नाक वळवणारं) लागतं. काब्री फ्रेंच, तिचा रोटर घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणून उजवं. रशियन एमआय-८चंही तसंच. पायाला एकच सवय लागेपर्यंत एकाच हेलिकॉप्टरवर राहा, हे माझं आग्रहाचं सांगणं. आणि नाक वळल्यावर पेडल मारू नका. कलेक्टिव्ह उचलणारा हात आणि पाय एकाच वेळी हलले पाहिजेत.

प्रश्न : पेडल नाहीत, पिळायची जॉयस्टिक आहे. कर्व्ह (स्टिकचा प्रतिसाद मऊ करणारं सेटिंग) लावू का? (मडगाव)

पिळण्यावर शिकता येतं, पण सायक्लिकची हालचाल त्यात मिसळते. पैसे खर्च करायचे झाले तर पहिली खरेदी पेडलची करा. सायक्लिकला कर्व्ह नकोच. कर्व्हमुळे फक्त मधला भाग मऊ होतो आणि हॉवरची जागा बहुतेकदा मध्यभागी नसते.

प्रश्न : हेलिपॅडवर सरळ वरून उतरताना यंत्र अचानक दगडासारखं कोसळतं. कलेक्टिव्ह ओढलं तर आणखी वेगाने! (डोंबिवली)

याला व्हॉर्टेक्स रिंग स्टेट म्हणतात. प्रत्यक्षातही यातून अपघात झाले आहेत, म्हणून हे उत्तर जरा नीट वाचा. पुढचा वेग जवळपास नाही, मिनिटाला ३०० फुटांहून जास्त वेगाने खाली येणं आणि एंजिनची शक्ती लावलेली असणं, हे तीन एकत्र आले की रोटर स्वतःच खाली फेकलेल्या हवेत उतरतो. पात्यांच्या टोकांभोवती हवेची भोवरी वाढत जाते. तेव्हा कलेक्टिव्ह ओढणं म्हणजे भोवरीलाच बळ देणं.

उंची असेल तर सायक्लिक पुढे दाबा, कलेक्टिव्ह थोडं खाली करा आणि वेग धरून स्वच्छ हवेत निघा. दुसरी पद्धत क्लोद व्हुइशार या स्विस वैमानिकाच्या नावाने ओळखली जाते. बेल किंवा ह्यूईमध्ये कलेक्टिव्ह वाढवायचं, डाव्या पेडलने नाक सरळ धरायचं आणि सायक्लिक उजवीकडे देऊन बाजूने भोवरीबाहेर पडायचं. यात उंची कमी खर्ची पडते. २,००० फुटांवर जाऊन मुद्दाम या अवस्थेत शिरा आणि दोन्ही पद्धती घोटा. तुमच्या घरी हे निर्धास्त करता येतं, ही सिम्युलेटरची फार मोठी देणगी आहे. एरवी उतरताना वाऱ्याकडे तोंड ठेवा, तिरकं या आणि ३० नॉटच्या खाली जाण्याआधी उतरण्याचा वेग ३००च्या आत आणा.

प्रश्न : मी अकरावीत आहे. आमच्या घरावरून आर्मीची चीता हेलिकॉप्टरं जातात. या सरावाचा पुढे वैमानिक होताना उपयोग होईल का? (नाशिक रोड)

घरच्या सिम्युलेटरचे तास परवान्यासाठी धरले जात नाहीत. शिवाय खऱ्या यंत्रात शरीराला जी हालचाल जाणवते, ती खुर्चीत बसून मिळत नाही. तरीही चेकलिस्ट, रेडिओवरचं बोलणं आणि रोटरच्या आरपीएमवर लक्ष ठेवण्याची शिस्त यांचा नक्की उपयोग होईल. तुझ्या नाशिकच्या चीताचाही रोटर घड्याळाच्या दिशेने फिरतो, तेव्हा कधी काब्रीवर सराव केलास तर पाय तसेच चालतील.

आतापासून एक गोष्ट शिक, ऑटोरोटेशन, म्हणजे एंजिनशिवाय उतरणं. १,५०० फुटांवर एंजिन बंद कर आणि त्याच क्षणी कलेक्टिव्ह तळाशी ने. खालून येणारी हवा रोटर फिरता ठेवते. वेग ६० नॉटच्या आसपास धर, जमिनीजवळ नाक उचलून तो मोड आणि शेवटच्या काही फुटांवर कलेक्टिव्ह ओढून अलगद टेक. सुरुवात ह्यूईवर कर. तिची पाती जड आहेत, फिरण्याची ऊर्जा साठवून ठेवतात. रॉबिन्सन आर२२ची हलकी पाती एवढी सवड देत नाहीत, म्हणून तिच्याकडे नंतर वळ.