मे महिन्यात ठेवलेलं फिशिंग रीळ नारळी पौर्णिमेनंतर काढलं तर खरखरतंय. घरी साफ करता येईल का? तेल कुठलं घालू?

येईल. पण आधी तेल नको, पाणी.

तुम्ही लिहिलंय की ठेवताना रीळ छान चालत होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात होतं, आणि आता हँडल फिरवताना वाळू भरल्यासारखं वाटतं, बेलही (दोरा चकरीवर नेणारी तारेची कमान) अडकते. ती वाळू नसावी, मीठ असेल. हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळतं, आणि पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावरची हवा त्याच्या खाली क्वचितच उतरते. म्हणजे कपाटातलं रीळ तीन महिने खाऱ्या पाण्यातच होतं म्हणा. वर पिशवीनं ओल कोंडून धरली.

‘पण मी दर वेळी धुतो’ असं म्हणाल, तर कुठल्या पाण्यानं? आमची विहीर समुद्रालगत, एप्रिल संपता संपता मचूळ होते. मी दोन उन्हाळे इमानेइतबारे त्याच पाण्यानं रीळ धुतलं आणि गंज कुठून येतो म्हणून कंपनीला शिव्या घातल्या. गोडं पाणीच घ्या.

धुताना ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरा किती जोरानं सुटावा ते ठरवणारा ब्रेक) आवळून घ्या, म्हणजे वॉशरांत पाणी शिरत नाही. हलक्या धारेखाली हँडल फिरवत धुवायचं. पाइपाचा फवारा मारला की बाहेरचं मीठ आत ढकललं जातं, आणि अख्खं रीळ बादलीत तर बुडवूच नका. स्पूल (दोरा गुंडाळलेली चकरी) मात्र काढून, त्यातले ड्रॅग वॉशर बाजूला ठेवून, रात्रभर बादलीत भिजवा. विणलेला दोरा असेल तर त्यात भरपूर खारं पाणी मुरलेलं असतं. मग ड्रॅग सैल करून सावलीत वाळवा.

एवढ्यानं खरखर गेली नाही तर उघडावं लागेल. (तुमच्या रिळात चुंबकीय तेलाचं सील असेल तर तो भाग उघडू नका, तिथे तेलही घालू नका. ते काम सर्व्हिसवाल्याचं.) उघडण्याआधी स्वयंपाकघरातून आप्पेपात्र पळवा. प्रत्येक खळग्यात भाग निघेल त्या क्रमानं ठेवायचा, मोबाइलवर फोटो काढत जायचं. बायकोची बोलणी मी खाल्ली, पण स्प्रिंग हरवली नाही. मेन गिअरच्या बाजूला कागदासारखी पातळ वॉशर असते, ती जुन्या ग्रीसला चिकटून फडक्याबरोबर कचऱ्यात जाते. माझी गेली होती. रोटरचं (स्पूलभोवती फिरणाऱ्या भागाचं) नट काही रिळांत उलट्या आट्यांचं असतं. सुटत नाही म्हणून जोर लावण्याआधी दुसऱ्या बाजूनं फिरवून बघा.

धातूचे भाग रॉकेल आणि जुन्या टूथब्रशनं साफ होतात. प्लॅस्टिक, रबर आणि ड्रॅग वॉशरना रॉकेल लावायचं नाही. पितळी पिनियनवर (मेन गिअरनं फिरणारं छोटं दातेरी चाक) हिरवट थर किंवा ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसली तर ती मिठाचीच करणी. थर निघतो, पण दातांना खड्डे पडले असतील तर कितीही ग्रीस लावा, खरखर राहणारच.

आता तेल. दातावर दात घासतो तिथे ग्रीस, हलकं भराभर फिरतं तिथे तेल. मेन गिअर, पिनियन, वर्म शाफ्टला (स्पूल पुढेमागे हलवणारा आटेदार दांडा) मरीन ग्रीसचा पातळ थर. बेअरिंग, हँडलची मूठ, बेलचे सांधे आणि लाइन रोलरला (बेलवरची दोरा सरकतो ती छोटी चाकी) शिलाई मशीनचं तेल, सुईच्या टोकानं एकेक थेंब. लाइन रोलरकडे सगळेच दुर्लक्ष करतात, आणि तो अडकला की तंगूस पिळवटतो, घासून तुटतोही. एका ठिकाणी मात्र हात आखडता घ्या: हँडल उलटं फिरू न देणारा वन-वे क्लच. त्यात ग्रीस गेलं की तो घसरतो, आणि ते कळतं नेमकं तांबोशीनं खडपाकडे ओढ घेतल्यावर. ड्रॅगसाठी वेगळं ग्रीस मिळतं, गिअरचं तिथे चालत नाही.

खोबरेल घालू नका. ‘आम्ही कायम तेच घालतो’ असं बंदरावर कुणीतरी सांगतंच. मीही ऐकलं होतं. जानेवारीत पहाटे गरवायला गेलो तर हँडल हलेना. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं, आणि पुढे खवट होऊन चिकट बसतं. गंज सोडवणारा स्प्रे अडकलेली बेल सोडवायला ठीक आहे, पण तो आतलं ग्रीसही विरघळवतो. मारलात तर नीट पुसून पुन्हा ग्रीस लावा.

बेअरिंग धुऊनही खरखरत असेल तर त्यात तेल ओतत बसू नका. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये मोजून त्याच मापाचं स्टेनलेसचं मागवा.