पहिला वसंत, रिकामा खिसा: ‘स्टारड्यू व्हॅली’च्या नवख्यांचे प्रश्न

शेती, मासेमारी, खाण आणि गावातली नाती असा सगळा संसार एकाच खेळात मांडणाऱ्या ‘स्टारड्यू व्हॅली’बद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. खेळ २०१६ सालचा आहे, पण १.६ आवृत्ती २०२४ मध्ये आली तरी नवख्यांच्या अडचणी त्याच राहिल्या आहेत. उत्तरं एकट्याने, नेहमीच्या साध्या शेतावर खेळणाऱ्याला धरून दिली आहेत.

प्रश्न : सुरुवातीचे ५०० गोल्ड मी सगळे बियांमध्ये घातले. आता रोज सकाळी पाणी घालण्यातच एनर्जीचा मोठा भाग जातो आणि दुपारनंतर नुसतं फिरत बसावं लागतं. कुठे चुकलं?

पैसे गुंतवलेत ते बरोबर, पण त्यांच्यामागून येणारी मेहनत मोजली नाहीत. सुरुवातीला एनर्जी २७० असते. कुदळीचा एक घाव २, झारीने एका चौकोनाला पाणी २, कुऱ्हाड-टिकावाचा प्रत्येक घावही २. गावचा प्रमुख लुईस देतो त्या पार्सनिपच्या (गाजरासारख्या कंदाच्या) १५ बियांवर ५०० गोल्डच्या आणखी २५ घेतल्या, तर रोपं होतात ४०. पहिल्या दिवशी खणायला ८० आणि पाण्याला ८०, म्हणजे १६० गेले. उरलेल्या ११० मध्ये तीन झाडं तोडली की खेळ आटोपला, कारण साध्या कुऱ्हाडीला एक झाड बुंध्यासकट काढायला १५ घाव लागतात. पुढे रोज ८० एनर्जी पाण्याला ठरलेलीच. कोयत्याने तण कापायला मात्र एनर्जी लागत नाही, तेव्हा साफसफाईची सुरुवात तिथून करा.

आम्ही असं सुचवू : फुकटचे १५ पार्सनिप, ६ बटाटे, १ फ्लॉवर आणि १ घेवडा. खर्च ४४०, रोजचं पाणी ४६ एनर्जीचं. फ्लॉवर आणि घेवडा एकेकच का, ते पुढे कम्युनिटी सेंटरच्या, म्हणजे गावातल्या मोडकळीला आलेल्या सभागृहाच्या, प्रश्नात येईल. घेवड्याच्या मांडवातून चालता येत नाही, म्हणून तो कडेला लावा. वाफ्याच्या मधोमध लावला तर मागच्या रोपांपर्यंत पोचताना पंचाईत होते.

१५ पर्यंत रोपं असली तर कावळे फिरकत नाहीत, त्यापुढे धोका सुरू होतो. बुजगावण्याची कृती शेतीच्या कौशल्याची पहिली पातळी आल्यावर मिळते आणि १३ पार्सनिप काढले की ती पातळी येते. पहिल्या दिवशी लावून रोज पाणी दिलेलं पीक ५ तारखेला निघतं, म्हणून ५० लाकडं, २० धागे आणि १ कोळसा ६ तारखेच्या सकाळपर्यंत जमवून ठेवा.

एनर्जी शून्यावर नेऊ नका. शून्य झाली की पात्र रखडत चालतं आणि दुसऱ्या दिवशी साधारण अर्ध्या एनर्जीने उठतं. म्हणजे आज चार घाव जास्त मारले म्हणून उद्याचा अर्धा दिवस गेला.

प्रश्न : वसंतात सर्वांत जास्त पैसे कोणत्या पिकात?

नुसत्या विक्रीच्या किमतीकडे पाहू नका, दिवस मोजा. पार्सनिपचं बी २० ला, पीक ३५ ला, ४ दिवस. बटाटा ५० ला घेऊन ८० ला जातो, ६ दिवस, आणि अधूनमधून एका रोपाला जास्तीचा बटाटा निघतो. केल ७० आणि ११०, हेही ६ दिवस. फ्लॉवर ८० आणि १७५, पण १२ दिवस पैसे जमिनीत अडकतात. हाताशी पैसे कमी असताना बटाटा आणि केल उत्तम; दुसऱ्या आठवड्यात खिसा बरा झाला की फ्लॉवर, कारण एकदाच खणून ९५ नफा म्हणजे कष्ट कमी.

ऋतू २८ दिवसांचा असतो आणि बदलला की वसंताची उभी पिकं वाळून जातात. म्हणून शेवटच्या तारखा पाठ हव्यात : फ्लॉवर १६, बटाटा आणि केल २२, पार्सनिप २४. या तारखा रोज पाणी दिलं तरच खऱ्या. एक दिवस पाणी चुकलं तर रोप मरत नाही, पण त्या दिवशी वाढतही नाही. १६ तारखेला लावलेल्या फ्लॉवरचं एक पाणी चुकलं की तो गेलाच समजा.

स्ट्रॉबेरीचं बी १३ तारखेच्या अंड्यांच्या जत्रेत १०० गोल्डला मिळतं. ८ दिवसांनी पहिलं पीक, मग दर ४ दिवसांनी, एकेक फळ १२० ला. जत्रेतून घरी पोचतो तेव्हा रात्रीचे १० वाजलेले असतात आणि बरेच जण अंधारात धावपळ करून बी लावतात. त्याची गरज नाही. १३ ला लावलं काय किंवा १६ ला लावलं काय, वसंत संपेपर्यंत तोडे दोनच होतात. त्यातलं थोडं बी पेटीत जपून पुढच्या वसंताच्या १ तारखेला लावलं तर तेच रोप पाच तोडे देतं.

पिअरचं दुकान बुधवारी बंद असतं. म्हणजे ३, १०, १७ आणि २४. बी संपलंय हे बुधवारी सकाळी लक्षात येणं हा या खेळातला ठरलेला मनस्ताप आहे, तो मंगळवारीच टाळा.

प्रश्न : झारी सुधारायला लोहार क्लिंटकडे दिली आणि दोन दिवस पिकं कोरडी राहिली. यावर काही उपाय?

आहे, आणि तो खेळातल्या घरातल्या टीव्हीवर आहे. रोज सकाळी हवामानाचा अंदाज बघा. ‘उद्या पाऊस’ असं दिसलं, तर आज सकाळी सगळ्या रोपांना पाणी घाला आणि मगच झारी क्लिंटकडे न्या. उद्याचं पाणी पाऊस घालतो. परवा सकाळी ९ ला दुकान उघडतं तेव्हा झारी तयार असते, ती आणून त्याच दिवशी पाणी घालता येतं. एकही दिवस वाया जात नाही. घ्यायला जाताना पिशवीत एक जागा रिकामी ठेवा, नाहीतर हेलपाटा पडतो.

तांब्याच्या झारीला तांब्याचे ५ बार आणि २,००० गोल्ड लागतात. बार म्हणजे खाणीतले धातूचे खडे वितळवून केलेली वीट; एका बारला ५ तांब्याचे खडे आणि १ कोळसा. त्याआधी भट्टी हवी, तिला २० खडे आणि २५ दगड. म्हणजे एकूण ४५ खडे. पहिला तांब्याचा खडा मिळाल्यावर क्लिंट एका सकाळी स्वतः घरी येऊन भट्टीची कृती देतो. पहिल्या वर्षी त्याच्याकडे खडा ७५ गोल्डला आहे, तेव्हा विकत घेण्याच्या फंदात पडू नका, खाणीत उतरा.

पण झारीवर पैसे ओतण्याआधी स्प्रिंकलरचा विचार जरूर करा. साधा स्प्रिंकलर तांब्याच्या १ आणि लोखंडाच्या १ बारमध्ये होतो, शेतीच्या दुसऱ्या पातळीला कळतो आणि शेजारच्या चार चौकोनांना रोज सकाळी पाणी घालतो. दिसायला फालतू, पण असे सहा बसवले की रोजची ४८ एनर्जी सुटते. सहाव्या पातळीचा दर्जेदार स्प्रिंकलर आठ चौकोन भिजवतो. तो हाती आला की झारी जवळजवळ अडगळीत जाते.

प्रश्न : मासे हातीच लागत नाहीत. दर वेळी निसटतात.

बटण दाबून धरता, तिथे बिघडतं. मासा गळाला लागला की पडद्यावर हिरवी पट्टी येते, मासा तिच्या आत ठेवायचा असतो. वजन असल्यासारखी ती वर जाते आणि खाली आपटून उसळते. तिला बारीक बारीक टिचक्यांनी तरंगत ठेवायचं असतं. मासा वर पळाला की घाबरून दाबून धरू नका, दोनतीन झटपट टिचक्या पुरतात.

कोळी विली २ तारखेला बांबूची गळकाठी फुकट देतो. ती जमत नसेल तर त्याच्याच दुकानात २५ गोल्डला सरावाची काठी मिळते. तिची पट्टी मोठी असते. मासे सोपेच लागतात आणि दर्जा नेहमी साधाच राहतो, पण कौशल्य वाढतं. दोन-तीन पातळ्या चढल्या की ती बाजूला ठेवा. पाण्यात बुडबुडे उठताना दिसले तर गळ नेमका त्यात टाका, मासा लवकर लागतो. एका फेकीला ८ एनर्जी जाते, म्हणजे भरल्या पोटी ३३ फेकी. पावसाच्या दिवशी पाणी घालायचं नसतं, तो दिवस मासेमारीला द्या. पहिल्या वर्षी वसंताच्या ३ तारखेला पाऊस पडतोच.

प्रश्न : खाणीत उतरलं की रात्र कधी होते कळत नाही आणि २ वाजता बेशुद्ध पडतो.

खाण ५ तारखेला उघडते. लिफ्ट दर पाच मजल्यांवर थांबते, म्हणून ४ किंवा ९ वरून कधीही परत फिरू नका. एक मजला आणखी उतरून ५ किंवा १० ची नोंद करून घ्या. शिडी दगडाखाली सापडते किंवा राक्षस मारल्यावर उघडते. तलवारीला एनर्जी लागत नाही, म्हणून टिकावाची एनर्जी संपत आली की राक्षसांकडे वळा. तांबं ३९ व्या मजल्यापर्यंत, लोखंड ४० पासून, सोनं ८० पासून.

घरी यायला खेळातला तासभर धरा आणि मध्यरात्रीच्या आत अंथरुणात पडा. १२ नंतर जितका उशीर, तितकी दुसऱ्या सकाळी एनर्जी कमी. २ ला बाहेर कोसळलात तर खिशातले १० टक्के जातात, जास्तीत जास्त १,०००. खाणीत जीव संपला तर पैशांबरोबर पिशवीतल्या काही वस्तूही जातात, म्हणून बिया आणि भेटवस्तू घरच्या पेटीत ठेवूनच उतरा. खायला काहीच नसेल तर १५ ते १८ तारखेला झुडपांना लागणाऱ्या सॅमनबेरी भरपूर तोडून ठेवा. ती झुडपं कितीही हलवा, एनर्जी लागत नाही.

प्रश्न : कम्युनिटी सेंटर उघडतच नाही.

५ तारखेपासून पुढे, पाऊस नसलेल्या दिवशी, सकाळी ८ ते दुपारी १ च्या दरम्यान बस थांब्याकडून गावात शिरा. लुईसचा प्रसंग तेव्हाच सुरू होतो. मग आत जाऊन सोनेरी पाटी वाचा. दुसऱ्या दिवशी जादूगाराचं पत्र येईल, त्याच्या मनोऱ्यात जाऊन या आणि पाटी पुन्हा वाचा.

सेंटर दुरुस्त व्हायला वस्तूंचे ठरलेले संच द्यावे लागतात. वसंताच्या पिकांच्या संचाला पार्सनिप, घेवडा, फ्लॉवर, बटाटा एकेक लागतो. एक जरी राहिला तरी पुढच्या वसंताची वाट बघावी लागते. म्हणून प्रत्येक पिकाचा, रानभाजीचा, माशाचा एक नग ५० लाकडांच्या पेटीत टाकायची सवय लावा. आणि जोजामार्ट या मोठ्या दुकानाचं ५,००० चं सदस्यत्व घाईत घेऊ नका, घेतलं की सेंटरचा रस्ता बंद.

प्रश्न : कोंबड्या कधी घ्याव्या?

सायलो, म्हणजे चाऱ्याचं कोठार, बांधल्यानंतर. खुराड्याला ४,००० गोल्ड, ३०० लाकडं आणि १०० दगड, कोंबडी ८०० ला. पण सायलो नसेल तर कोयत्याने कापलेलं गवत वाया जातं, चारा साठत नाही. सायलो १०० गोल्डचा, सोबत १०० दगड, १० चिकणमाती आणि तांब्याचे ५ बार. तो उभा राहीपर्यंत शेतावरचं उंच गवत कापू नका.

प्रश्न : लीआशी लग्न करायचं आहे. रोज भेट दिली तर लवकर होईल का?

रोज देताच येत नाही. एका माणसाला आठवड्यात दोन भेटी, दिवसाला एक. मोजणी रविवारी नव्याने सुरू होते. लीआला सॅलड फार आवडतं आणि ते गसच्या ‘सलून’ नावाच्या खानावळीत २२० ला तयार मिळतं. वाढदिवसाची भेट आठपट मोजली जाते, कॅलेंडर पिअरच्या दुकानाबाहेर आहे. मैत्री मोजणारी आठ हृदयं भरली की पिअरकडून २०० चा पुष्पगुच्छ. पुढची खरेदी महाग आहे : घर वाढवायला १०,००० गोल्ड आणि ४५० लाकडं, शिवाय किनाऱ्यावरचा मोडका पूल जोडायला ३०० लाकडं. पुलापलीकडे पावसाच्या दिवशी म्हातारा खलाशी लग्नाची मागणी घालायला लागणारं पदक ५,००० ला विकतो. लाकडं आतापासून साठवा.

प्रश्न : दिवसाच्या मधेच खेळ सेव्ह करता येतो का?

संगणकावर आणि कन्सोलवर नाही, झोपल्यावरच होतो. पूर्ण दिवस साधारण १४ मिनिटांचा आहे आणि मेनू उघडा असला की घड्याळ थांबतं. उठून जायचं असेल तर मेनू उघडून ठेवा, किंवा सरळ अंथरुणात शिरा.